फवारणी

आमच्या लॅबमध्ये स्लाइड रंगवायचं यंत्र येणार हे कळल्यावर मी पहिला फोन घरी केला. अकरा वर्षं क्षयरोग्यांच्या बेडक्याच्या स्लाइड हाताने रंगवतोय. कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतायचा, स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा पेटवून खालून फिरवायचा. वाफ दिसली पाहिजे, पण उकळी येता कामा नये. (दुधापाशी उभं राहिलेल्यालाच हे कळेल.) पाच मिनिटं थांबायचं, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, शेवटी मिथिलीन ब्लू. क्षयाच्या जंतूला मेणचट आवरण असतं. रंग आत शिरता शिरत नाही आणि एकदा शिरला की ॲसिडलाही दाद देत नाही. माझ्या रुमालांचं आणि नखांचं तेच. माझ्या कपड्यांना घरात वेगळी बादली आहे.

यंत्र देखणं होतं. गोल चक्रीत बारा स्लाइड खोचायच्या, झाकण लावायचं, बटण दाबायचं. फुक्सिनच इतकं कडक की काकडा नको, वाफ नको. चक्री गरगर फिरते आणि बारीक नोझलमधून एकेक द्रावण पाळीपाळीने फवारलं जातं. दोन महिने मी शेजारच्या खोलीत निवांत चहा प्यायलो.

मग लागून तीन सुट्ट्या आल्या. चौथ्या दिवशी पहिली फेरी काढून मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर सगळं निळं. दहाही पेशंट निगेटिव्ह. क्षयरोग संपवायला सरकारने २०२५ साल धरलं होतं, आमच्या यंत्राने काम एका फेरीत उरकलं. पण उरलेल्या दोन स्लाइड आमच्याच असतात, तपासून ठेवलेल्या, कंट्रोलच्या. त्यातली एक खात्रीची पॉझिटिव्ह. तीही खडखडीत बरी झाली होती.

आधी संशय स्वतःवर. तसलीच दुसरी पॉझिटिव्ह स्लाइड हाताने रंगवली, तर लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, लख्ख. म्हणजे चोर यंत्रात. इंजिनिअरला फोन लावला.

"सर, बाटली भरलेली आहे? नळी तळाशी पोचतेय? हवेचे बुडबुडे? बरं, प्राइम करा. ॲसिड येतंय?"

"येतंय."

"ब्लू?"

"झकास."

"फुक्सिन?"

"थुंकतंय."

बेडका तपासायच्या लॅबमध्ये यंत्रच थुंकत होतं. "सर, सुट्टीवर जाताना क्लीनिंग सायकल चालवली होती ना?" मी म्हटलं, आवाज कट होतोय. (एसटी चुकली असती हो!)

हे सगळं आमच्या लॅबचे शिपाई मामा फडक्याने टेबल पुसत ऐकत होते. मामांची चार एकर कपाशी आहे. ते म्हणाले, "सर, नोझल चोकअप झालंय. पाठीवरच्या पंपाचं असंच होतं. औषध आत राहिलं की वाळून बसतं."

"मग काय करता?"

"काढायचं न् तोंडाने फुंकायचं."

मी ओरडलोच. फुक्सिनमध्ये विषारी फिनॉल असतं. मामांनी मग खराट्याची काडी आणली. पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय, टोकदार काहीही घालू नये, भोक मोठं झालं की फवारा बिघडतो. "मग ठेवा स्पिरिटमध्ये भिजत," मामा वैतागून म्हणाले. हाच उपाय पुस्तिकेत खाली बारीक अक्षरांत होता.

नोझल मसुराच्या दाण्याएवढं. ग्लोव्हजमध्ये बोटं सटकत होती म्हणून एक ग्लोव्ह काढला आणि नोझल फिरवलं. नळीत तुंबलेलं फुक्सिन तेवढ्याचीच वाट बघत होतं. कोपरापर्यंत आलं.

नोझल भिजेपर्यंत पेशंट थांबणार नव्हते. काकडा पेटवला आणि त्या दहाही स्लाइड पुन्हा हाताने रंगवल्या. दोघांच्यात काड्या निघाल्या. त्यातला एक तर थ्री प्लस, म्हणजे एकेका फील्डमध्ये दहाच्या वर. यंत्राने या गृहस्थालाही घरी पाठवला असता.

चार वाजता नोझल बसवलं, फवारा सरळ पडला, कंट्रोलची स्लाइड पुन्हा आजारी झाली. मी आणि मामांनी टाळी दिली आणि मामांचाही हात रंगला.

निघताना क्लीनिंग सायकल पूर्ण होईपर्यंत यंत्रासमोर उभा राहिलो. एसटी चुकलीच.

घरी बायकोने दार उघडलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि न बोलता बादली पुढे सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे यंत्राचे हात खराब होऊ नयेत म्हणून तुम्हाला ठेवलंय होय?"