अमरेलीची निशाळ

आमच्या मालेगाव पट्ट्यात 'काठेवाडी' म्हटलं की गाईंचे कळप घेऊन शिवारात उतरलेली, पागोटं बांधलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. माझीही गुजरातेतल्या काठेवाडची ओळख तेवढीच होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, सयाजीराव महाराजांचा धडा दरवर्षी शिकवला. महाराज मूळचे आमच्याच तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणून जरा जास्तच जीव ओतून शिकवला. पण ज्या मातीत त्यांचं सगळ्यात मोठं काम पहिल्यांदा उभं राहिलं, ती माती कधी पाहिली नव्हती.

गेल्या मार्गशीर्षात तो योग आला. मुलगा सुरतेला असतो. त्याचे शेजारी हिऱ्याच्या कारखान्यात आहेत, मूळ अमरेली जिल्ह्यातले. त्यांच्या घरच्या लग्नाला गेलो आणि गावात चार दिवस राहिलो. परत आल्यापासून हे लिहायचं मनात होतं.

पहिल्याच सकाळी यजमानांचे वडील ग्रामपंचायतीत निघाले होते. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सातबारना उतारा लेवा." मी थबकलोच. सातबारा, आठ-अ, तलाटी, मामलतदार, तालुका... सगळे शब्द आपलेच. आपण मामलेदाराला कागदोपत्री तहसीलदार केलं, तिथे मामलतदार अजून मामलतदारच आहे. शेतात मात्र मका-कांदा नाही, भुईमूग आणि कापूस. धारीकडे गेलं की केसर आंब्याच्या बागा लागतात. लिलिया तालुक्यात क्रांकचच्या बाजूला शेत्रुंजीच्या काठाने सिंह फिरतात आणि लोक त्यांच्याबद्दल इतकं सहज बोलतात, जसं आपण बांधावरच्या सापाबद्दल बोलतो.

आता एक शब्द घेतो, मुलूखगिरी. आपण तो कौतुकाने वापरतो. कुणी चार राज्यं फिरून आला की म्हणतो, काय मुलूखगिरी केली! काठेवाडात या शब्दाचा अर्थ फार वेगळा होता. अठराव्या शतकात पेशवे आणि गायकवाड यांच्या फौजा खंडणी वसूल करायला त्या मुलखात उतरायच्या, आणि बहुतेक वेळा पिकं उभी असतानाच. दरबाराने, म्हणजे तिथल्या लहान-मोठ्या संस्थानिकाने, रक्कम कबूल केली नाही तर घोडी पिकात शिरायची. दरबार कसाबसा पैसा उभा करायचा आणि तो शेवटी कुणब्याच्या खळ्यावरूनच निघायचा. 1807 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल वॉकरने कुठल्या संस्थानाने वर्षाला किती द्यायचं ते ठरवून दिलं, तेव्हा कुठे हे थांबत गेलं. 1820 नंतर तर कंपनीला विचारल्याशिवाय तिथे फौज न पाठवण्याचं गायकवाडांनी कबूल केलं. त्या सगळ्या द्वीपकल्पाला काठेवाड हे नाव रूढ झालं तेही काठी लोकांशी झुंजणाऱ्या मराठ्यांमुळे, असं सांगतात. हा इतिहास आपला आहे आणि तो जसाच्या तसा सांगितला पाहिजे. आपल्या पोरांना अटकेपार झेंडे शिकवताना त्या झेंड्याखालचं पीकही दाखवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. गायकवाडांकडे काठेवाडात खंडणीपलीकडे स्वतःचा मुलूखही होता. बडोदा संस्थानाचे चार प्रांत होते: बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली. अमरेली प्रांत म्हणजे विखुरलेले तुकडे. अमरेली-धारी एकीकडे, कोडीनार समुद्राकडे, आणि द्वारकेचं ओखामंडळ तर पार पश्चिमेच्या टोकाला. मधे जुनागढ, भावनगर आणि काठी दरबारांच्या चिमुकल्या जहागिऱ्या. काठींमध्ये बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची रीत, त्यामुळे पिढीगणिक दरबार लहान लहान होत गेले. एका गावात गायकवाडी, ओढा ओलांडला की दरबारी, अशी ती वस्ती.

आणि याच दूरच्या, कोरडवाहू, मागासलेल्या प्रांतात सयाजीरावांनी 1893 साली सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आधी अमरेली गाव आणि आसपासची मोजकी खेडी. हिंदुस्थानातला हा पहिला प्रयोग मानतात. जोतीरावांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली 1882 मध्ये. अकरा वर्षांनी ती प्रत्यक्षात उतरलेली दिसते ती पुण्यात नाही, मुंबईत नाही, अमरेलीत! प्रयोग टिकला, वाढला, आणि 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानाला लागू झाला. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा वर्षांच्या. 1911 मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. ते विधेयक नामंजूर झालं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये हे काम हाती घेतलं.

हे सगळं गोड गोड झालं नाही. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड व्हायचा आणि तो भरणारा शेतकरी काही धनवान नव्हता. गुरं राखायला कोण, धाकट्याला कडेवर घ्यायला कोण, हे प्रश्न तिथल्या आयांनी तेव्हाही विचारले असणार. मी स्वतः एकतीस वर्षं ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं शोधत हिंडलोय, म्हणून दंडाची बाजू मला सहज घेता येत नाही. पण राज्यकर्त्याने 'तुझं पोर शिकलं नाही तर तो माझाही प्रश्न आहे' असं म्हणणं, हे मी फार मोठं मानतो. म्हणणारा माणूसही असा, की दत्तक जाईपर्यंत, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत, त्याला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

आणि शिकवलं कुठल्या भाषेत? गुजरातीत. राजघराण्याची भाषा मराठी, दरबारात मराठी माणसांचा भरणा, तरी शेतकऱ्याच्या पोराच्या हातात पाटी दिली ती त्याच्या आईच्या भाषेची. आज मातृभाषेतल्या शिक्षणावर आपण तावातावाने बोलतो, तेव्हा हे उदाहरण कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

1893 साली अमरेलीत सहा वर्षांचा एक मुलगा होता, जीवराज मेहता. पुढे ते डॉक्टर झाले, परळच्या केईएमचे आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे डीन झाले, मुंबई राज्याचे मंत्री झाले आणि 1 मे 1960 रोजी गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. आपण तो दिवस आपला म्हणून साजरा करतो. पण 1949 मध्ये बडोदा विलीन झालं तेव्हापासून अमरेली हा मुंबई राज्याचा जिल्हा होता, नाशिक-साताऱ्यासारखाच, आणि 1956 पर्यंत त्याच्या भोवती वेगळं सौराष्ट्र राज्य होतं. अकरा वर्षं अमरेलीच्या शेतकऱ्याचं आणि माझ्या आजोबांचं सरकार एकच होतं! आणखी एक सांगतो, याच जिल्ह्यातलं जाफराबाद बंदर स्वातंत्र्य मिळेपर्यंत मुरुडच्या जंजिऱ्याच्या सिद्दींचं होतं.

आजचा जिल्हा अकरा तालुक्यांचा, 2011 च्या जनगणनेत 15 लाखांच्या वर माणसं, त्यातली बहुतेक खेड्यांत. सावरकुंडल्याचे तराजू आणि काटे नावाजलेले. पण तरुण सुरतेला. मी राहिलो त्या गल्लीत निम्म्या घरांना कुलूप होतं, दिवाळीला आणि लग्नाला तेवढी उघडतात. कारण पाणी. दुष्काळाने हातातला नांगर सोडवला आणि हिरा घासायला बसवलं. त्या पैशातून लोकांनी गावोगाव तळी आणि बंधारे बांधले, हेही डोळ्यांनी पाहिलं.

आपल्याकडे पट कमी म्हणून वस्तीवरच्या शाळा बंद करून लांबच्या शाळेला जोडायच्या, असं बोललं जातं. त्यात पहिल्यांदा गळते ती मुलगी. मी हे हजेरीपटावर पाहिलंय.

निघायच्या आदल्या रात्री यजमानांच्या आजी, बा, यांच्याशी बोलत बसलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. बा ओढ्यापलीकडच्या दरबारी गावातून लग्न होऊन या गायकवाडी गावात आलेल्या. गोंडळ, भावनगर अशा मोठ्या संस्थानांनीही शाळा काढल्या होत्या, पण चार-सहा गावांच्या दरबाराला ते कुठून परवडणार? बा म्हणाल्या, "मारा पियरमां निशाळ नहोती." माझ्या माहेरी शाळा नव्हती. मग नातवाला सांगून त्यांनी पत्र्याची पेटी काढायला लावली. आत कापडात बांधलेले जमिनीचे जुने कागद. एक माहेरचा, त्यावर त्यांच्या आईचा अंगठा, शाई पसरून रेषा पुसट झालेल्या. दुसरा सासरचा. त्यावर शिरोरेघ नसलेली पाच मोठी, एकेक करून काढलेली अक्षरं. बांनी त्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आ मारां सासुनी सही." दोन गावांत अंतर किती, विचारलं. बांनी दाराबाहेर हात केला. ओढ्यापलीकडे दिवे दिसत होते.