संडासात लाकडं का, हे त्या बाईला विचारा

एक फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. पाड्यावरचा संडास, आत रचलेलं सरपण. खाली मजकूर : ‘सरकारनं फुकट संडास दिले, आदिवासींनी लाकडं भरली. त्यांना स्वच्छतेची सवयच नाही. विचारत बसू नका, योजना राबवा.’ फोटो खरा असेल. खालचं एकेक वाक्य मात्र चुकीचं आहे.

‘फुकट’ म्हणजे काय? स्वच्छ भारत मिशनमध्ये संडासामागे १२,००० रुपये मिळतात. त्यात चार भिंती, पत्रा आणि भांडं होतं. पाणी होत नाही.

लाकडांचं कारण इथंच आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात वर्षाला २,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण खालचा काळा कातळ पाणी धरत नाही. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातलं, पाणी मुंबईला जातं. आणि इथल्या पाड्यांवर मार्चनंतर विहिरी तळ गाठतात, बाया झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत बसतात. संडासाच्या साध्या भांड्याला खेपेला पाच-सहा लिटर लागतं. पाच माणसांच्या घरात माणशी एकच खेप धरली, तरी रोज दोन हंडे गेले. डोक्यावर वाहून आणलेलं पाणी कोणती बाई तिथं ओतेल? मग घरातली एकुलती पक्की, कोरडी खोली सरपणाला लागते. शिवाय कितीतरी कातकरी आणि वारली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधले महिने घरालाच कुलूप असतं.

सवयीबद्दल इतकंच : वारल्यांचं शेणानं सारवलेलं घर-अंगण ज्यानं पाहिलं, तो असं लिहिणार नाही.

‘विचारत बसू नका’ हे मात्र घातक आहे. न विचारता खणलेला संडासाचा शोषखड्डा दोन-तीन फुटांवर कातळ लागला की तिथंच थांबतो. पहिल्या मोठ्या पावसात तो भरून वाहतो, आणि उताराखाली पिण्याचा झरा असतो. कोणता झरा मेपर्यंत टिकतो, पावसात पाणी कोणत्या वाटेनं उतरतं, हे रोज पाणी भरणाऱ्या बायांना पाठ असतं. त्यांना विचारलं तर खड्डे सरकवता येतात. तीव्र उताराचं भांडं बसवलं तर खेपेला दीड-दोन लिटरमध्ये भागतं. नळाचंही तेच, तिथंही विचारायला हवं. जलजीवन मिशन २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचं वचन देतं, पण नळ गावठाणात आला म्हणजे वरच्या पाड्यावर पोचला असं होत नाही.

आणि विचारणं ही मेहेरबानी नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातल्या ग्रामसभेला विकासकामांना मंजुरी देण्याचा अधिकार दिलाय. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार एखादा पाडाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा होते. फक्त, ती सभा सकाळी ठेवू नका. उन्हाळ्यात त्या वेळी बाया झऱ्यावर असतात.