गुलामी नको होती, काळा माणूसही नको होता

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "आपलं ओरेगॉन बरं बाबा, इथे गुलामगिरी कधी नव्हतीच." परवा गणपतीच्या जेवणात पुन्हा ऐकलं. हातात मोदक होता, गप्प बसलो. आता इथे लिहितोय.

१८४३ साली इथल्या हंगामी सरकारने गुलामगिरीवर बंदी घातली, हे खरं. पण पुढच्याच वर्षी कायदा आला की काळ्या पुरुषांनी दोन आणि बायकांनी तीन वर्षांत प्रदेश सोडायचा. नाही सोडला तर किमान २०, कमाल ३९ फटके. फटक्यांचं कलम लागू होण्याआधीच बदललं, पण त्या जागी आली सक्तीची मजुरी! हा कायदा आणणारा पीटर बर्नेट पुढे कॅलिफोर्नियाचा पहिला गव्हर्नर झाला.

आणि बंदी तरी कसली? मिझुरीहून आलेल्या नथॅनिएल फोर्डने रॉबिन होम्स या आपल्या पूर्वीच्या काळ्या गुलामाची मुलं आपल्याकडेच डांबून ठेवली होती. होम्सला स्वतःच्या पोरांसाठी कोर्टात जावं लागलं. निकाल लागला १८५३ मध्ये. म्हणजे बंदीला दहा वर्षं झाल्यावर.

ओरेगॉनच्या राज्यघटनेसाठी १८५७ मध्ये मतदान झालं. गुलामगिरी नको म्हणणारे ७,७२७, हवी म्हणणारे २,६४५. त्याच मतदानात स्वतंत्र काळ्या माणसालाही राज्यात येऊ देऊ नका म्हणणारे ८,६४०, विरोधात फक्त १,०८१. गुलामगिरीला नकार देणाऱ्यांपेक्षा काळ्यांना नकार देणारे जास्त! यात करुणा कुठे आहे? हातावर पोट असलेल्या गोऱ्या शेतकऱ्याला फुकटात राबणाऱ्या गुलामांशी स्पर्धा नको होती, आणि शेजारी काळा माणूसही नको होता.

जॉर्ज बुश नावाचा काळा शेतकरी १८४४ साली गोऱ्या सोबत्यांच्या तांड्याबरोबर इथे आला. हे कायदे पाहून सगळा तांडा कोलंबिया नदीच्या उत्तरेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात जाऊन वसला. पुढे टंचाईत त्याने नव्या वसाहतकऱ्यांना धान्य दिलं. तरी १८५० च्या कायद्यात मोफत जमीन गोऱ्यांना आणि गोरे आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्यांनाच होती. बुशची स्वतःची कसलेली जमीन त्याच्या नावावर करायला शेजाऱ्यांना अर्ज करावे लागले आणि १८५५ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, खास कायदा करावा लागला.

"हे काळ्या-गोऱ्यांचं, आपला काय संबंध?" असंही कुणी म्हणेल. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद इथल्याच लाकूड गिरणीत राबले होते. १९२० मध्ये ओरेगॉनच्याच कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिलं, आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'तुम्ही गोरे नाही' म्हणून ते नाकारलं.

ओरेगॉनच्या घटनेतलं काळ्यांना बंदी करणारं कलम १९२६ साली गेलं. उरलेली वंशभेदी भाषा काढायला २००२ उजाडलं. तेव्हाही दहांपैकी जवळपास तिघांनी 'राहू द्या' असंच मत दिलं.