आवाज भरदार करायचाय की गायब?

गाणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक रील फिरतंय : स्टुडिओचे पैसे वाचवा, पाच युक्त्यांत भरदार आवाज! व्होकल ट्रॅकची कॉपी काढून एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे टाका, एका कॉपीचा फेज (म्हणजे ध्वनिलहरीचा चढउतार) उलटा करा, बेस वाढवा, माइक ओठांना लावा, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा. माझ्या भाचीने सोसायटीच्या गणपतीसाठी गाणं असंच मिक्स केलं. मांडवात तबला वाजला, पेटी वाजली, टाळही वाजले. आवाज नाही! साउंडवाला बिचारा वायरी हलवून बघतोय.

त्याचा काय दोष? फेज उलटा केला की एका कॉपीची लहर वर जाते तेव्हा दुसरीची तेवढीच खाली जाते. हेडफोनवर दोन कानांना दोन वेगळे ट्रॅक मिळतात, म्हणून आवाज पसरल्यासारखा वाटतो आणि माणूस खूश होतो. मांडवातले स्पीकर बहुतेक मोनोवर चालतात, म्हणजे डाव्या-उजव्याची बेरीज. अधिक एक आणि उणे एक, उत्तर शून्य. तयार गाण्यातून गायकाचा आवाज उडवून कराओके ट्रॅक काढायची जुनी युक्तीही याच वजाबाकीवर चालते. आणि हे लोक तीच भरदार आवाजाची म्हणून विकतायत!

बरं, फेज नका उलटू. तरी नुसती कॉपी म्हणजे तोच आवाज मोनोत ६ डेसिबलने मोठा. त्यासाठी फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) आहे. ‘मग कॉपी जराशी सरकवा,’ असं खाली कुणीतरी सुचवलंय. एक मिलिसेकंद सरकवून दोन्ही एकत्र ऐका : ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी त्याच वजाबाकीने खड्डे पडतात आणि आवाज पाइपातून आल्यासारखा पोकळ होतो.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य. दोन आवाज एकावर एक ठेवले की गाणं भरतं, पण ते दोनदा *गायलेले* हवेत. दुसऱ्या वेळी सूर केसभर इकडेतिकडे जातो, शब्द किंचित मागेपुढे पडतो. भरीवपणा त्या फरकातून येतो. बीटल्सच्या जॉन लेननला तेच तेच पुन्हा गायचा कंटाळा होता, म्हणून १९६६ मध्ये लंडनच्या एबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत तिथले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी दुसऱ्या टेप मशीनवरून आवाजाची जोडी बनवायची पद्धत काढली. तिथेही त्या मशीनचा वेग मुद्दाम कमीजास्त करत राहावं लागे. नुसत्या कॉपीने भागलं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? तेव्हा मुख्य टेक (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) मध्ये ठेवा, दुसरा खरा टेक त्याच्याखाली, जेमतेम जाणवेल इतका.

बेस : पेटीच्या काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झवर, मंद्र पंचम १५६ च्या आसपास. त्याच्या कितीतरी खालचं ६० हर्ट्झ वाढवून पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा ट्रक भरदार होतो. ऊब हवी तर २०० ते ३०० मध्ये किंचित वाढवा, नाहीतर खालचं कापा.

माइक जवळ घेतला की खालचे सूर वाढतात, हे कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणाऱ्या) माइकबाबत खरं आहे. पण ओठांना लावल्यावर प-फ-भ फाटतात. वीतभर अंतर आणि पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी), बस्स.

अंड्यांचे ट्रे मात्र अंड्यांसाठीच ठेवा. गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजई टांगा.