‘गरज नसताना टाकी माथी मारली’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी तालुक्यातील आपल्या घराच्या बागेसाठी आम्ही विहिरीवर बसवलेल्या ठिबक योजनेविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. गावातला प्लंबर पंपाची नळी थेट बागेत नेऊन निम्म्या खर्चात काम करून देत असताना आम्ही २००० लिटरची टाकी, फिल्टर आणि महाग ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या) आपल्या माथी मारले, मागणी करूनही हिरवळीसाठी तुषार संच दिला नाही, आणि सहा महिन्यांत निम्मे ड्रिपर बंद पडले, असे आपले म्हणणे आहे. विहिरीवर बाग करू पाहणारे इतर घरमालकही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि श्रावणात विहीर काठोकाठ भरलेली असते. पण जांभा दगड सच्छिद्र असल्याने मुरलेले पाणी तो फार काळ धरून ठेवत नाही. ते उताराने झऱ्यांवाटे निघून जाते. त्यामुळे विहीर किती पाणी देते हे मे महिन्यात मोजल्याशिवाय आम्ही कोणताही आराखडा करत नाही, मग ग्राहकाला कितीही घाई असो. आपल्या विहिरीचे पाणी उपसून खाली नेल्यावर पहिल्या तासात ते ३ सेंटिमीटर चढले. विहिरीचा व्यास ३ मीटर असल्याने प्रत्येक सेंटिमीटर सुमारे ७० लिटरचा, म्हणजे झरा तासाला सुमारे २१० लिटरचा. याला २४ ने गुणून ५००० लिटर मिळतील असे मानणे चुकीचे ठरते, कारण पाणी जसजसे वर येते तसतसा झऱ्याचा जोर मंदावतो. आम्ही दिवसाला ३५०० लिटर धरले. सुटीत आपल्या घरी आठ माणसे असतात. माणशी १३५ लिटर या प्रचलित मापाने घरालाच जवळपास ११०० लिटर लागतात. बागेसाठी उरतात २४००.

आपल्या २० माडांना रोज प्रत्येकी ३५ लिटर, ३० पोफळींना प्रत्येकी १५ लिटर आणि फुलझाडे व भाजीला ३५० लिटर धरले, तर १५०० लिटर होतात. हिरवळ ३०० चौरस मीटरची आहे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, आणि मे महिन्यात हिरवळीला रोज किमान ५ मिलिमीटर हवे, म्हणजे आणखी १५०० लिटर. तुषारांतून समुद्राच्या वाऱ्याने उडून जाणारे पाणी वेगळेच. विहिरीत एवढे पाणी नाही. हिरवळ किंवा माड यांपैकी एकाचीच निवड करणे भाग होते आणि आम्ही माडांची बाजू घेतली, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. हिरवळ पहिल्या पावसात पुन्हा फुटते. माडाला उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसला तर त्याचा परिणाम पुढल्या वर्षीच्या नारळांवरही दिसतो.

आता टाकीविषयी. आपला एक अश्वशक्तीचा पंप २० मीटर उंचीवर तासाला सुमारे ६००० लिटर पाणी फेकतो, तर आपल्या बागेतले सगळे ड्रिपर मिळून तासाला साधारण ७०० लिटरच सोडतात, कारण मुळांना पाणी सावकाश मिळावे हाच ठिबकचा हेतू आहे. माडाच्या आळ्यात ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर असले तर ३५ लिटरला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ पंप थेट नळ्यांवर चालवला तर तो तापतो, सांधे सुटतात. टाकी असली की सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ उपसा पुरतो, विहिरीला भरायला उसंत मिळते आणि पुढचे काम उंचीच्या दाबावर होते. महाग ड्रिपर घेतले ते दाब कमी-जास्त असला तरी सारखेच पाणी सोडतात म्हणून: आपली बाग उतारावर तीन टप्प्यांत आहे, साध्या ड्रिपरवर खालच्या टप्प्यात चिखल झाला असता आणि वरच्या पोफळी कोरड्या राहिल्या असत्या.

टाकीचे दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे, आणि ड्रिपर बंद पडण्याचे कारणही त्यातच आहे. जांभ्यातल्या पाण्यात अनेकदा लोह विरघळलेले असते आणि ते आपल्याही विहिरीत आहे. विरघळलेले लोह कोणतीही जाळी अडवू शकत नाही. हवा लागली की त्याचा तांबूस गाळ होतो, आणि मगच तो गाळता येतो. म्हणून पाणी टाकीत फवाऱ्याने पडते, गाळ तळाशी बसतो, बागेची नळी तळापासून वीतभर वर काढलेली आहे आणि तिच्यानंतर फिल्टर आहे. आपली तक्रार आल्यावर आमचा तंत्रज्ञ बागेत गेला, तेव्हा अधिक दाब मिळावा म्हणून टाकी आणि फिल्टर दोन्ही वगळून पंपाची नळी थेट मुख्य नळीला जोडलेली त्याला दिसली. ही जोडणी आमची नाही. लोह नळीत गेले आणि ड्रिपरच्या तोंडाशी गाळ होऊन बसले. ज्याने ही जोडणी केली त्याचा हेतू वाईट नसावा, आणि आपण मुंबईत असल्याने हे आपल्या नजरेस आले नसेल, हे मी समजू शकतो.

खर्च प्लंबरच्या दरापेक्षा बराच जास्त झाला, हे आपले म्हणणे खरे आहे, आणि त्यातला मोठा भाग टाकी व तिच्या मचाणाचा आहे. तो टाळून आपल्या विहिरीवर टिकाऊ काम करता येईल, असे मला वाटत नाही.

आपली परवानगी मिळाल्यास मूळ जोडणी पूर्ववत करून नळ्या आम्लाने धुऊन देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. त्यानंतरही जे ड्रिपर उघडणार नाहीत, त्यांच्या केवळ साहित्याचे पैसे घेऊ. दर पंधरवड्याला नळ्यांची टोके उघडून पाणी सोडणे, फिल्टरची जाळी धुणे आणि टाकीच्या तळाची तोटी उघडून गाळ काढणे, ही तीन कामे आपल्या माळीकाकांना आम्ही प्रत्यक्ष करून दाखवू. हिरवळीच्या जागी काय लावावे याविषयी बोलायचे असल्यास तेही तेव्हाच बोलू. पुढचे काम दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे असे आपल्याला वाटत असल्यास मोजणीचा तक्ता आणि आराखडा आपण अवश्य मागून घ्यावा. त्याचे पैसे आपण दिलेले आहेत, तो आपलाच आहे.