‘स्पोक कशाला वाहता?’ या मेसेजला उत्तर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कोकण टूरचे बेत सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग एक मेसेजही फिरायला लागतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘टूरला जाताना स्पोक, स्पोक-की, कॅसेट काढायचं टूल असलं लोढणं घेऊ नका. नवीन चाकाचे स्पोक तुटत नाहीत. तुटलाच तर कोकणात गावोगावी सायकलचं दुकान आहे. दुकान नाही सापडलं तरी एका स्पोकने काही बिघडत नाही, ब्रेक मोकळा सोडा आणि चला. मागच्या चाकाचा स्पोक रस्त्यात बदलणं तसंही आपल्याच्याने होत नाही.’ (स्पोक म्हणजे चाकाची तार, स्पोक-की म्हणजे ती आवळायची चावी आणि कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गिअरसंच.)

यंदा हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, कारण पहिल्यांदा टूरला निघणारी माणसं खरोखरच नको इतकं सामान लादतात. पण काही वर्षांपूर्वी मी अगदी याच समजुतीने कोकणच्या किनाऱ्याने रेवसहून रेडीला निघालो होतो आणि माझी टूर चिपळूणला संपली. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘नवीन चाकाचे स्पोक तुटत नाहीत.’ स्पोक गंजून, जुना होऊन तुटतो असं धरलं तर हे पटतं. पण बहुतेक स्पोक तुटतात ते थकून. पक्कड नसताना तार तोडायची झाली की आपण ती एकाच जागी खालीवर वाकवत राहतो आणि ती तिथंच मोडते, तसंच हे. चाक फिरताना जो स्पोक जमिनीकडे येतो त्याचा ताण क्षणभर उतरतो, पुढे गेला की परत चढतो. ३२ मिमी टायरचं ७०० सी मापाचं चाक किलोमीटरला साधारण ४६५ फेरे घेतं. म्हणजे १,००० किलोमीटरच्या टूरमध्ये एकेका स्पोकचा ताण साडेचार लाखांहून जास्त वेळा उतरतो आणि चढतो. स्पोक मुळात नीट आवळलेला असेल तर तो हे वर्षानुवर्षं सोसतो. सैल असेल तर दर फेऱ्याला त्याचा वाकडा कोपरा हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकात किंचित हलतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

मशीनवर भराभर बांधलेल्या नव्या चाकात काही स्पोक घट्ट, काही सैल असं सर्रास सापडतं. शिवाय पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये स्पोकचे कोपरे हबमध्ये बसतात आणि ताण आणखी उतरतो. माझ्या चाकावर तेव्हा जेमतेम १,१०० किलोमीटर झाले होते. पहिल्या सर्व्हिसिंगला दुकानात गिअर लावून दिले, ब्रेक लावून दिले, स्पोकला कुणी बोटही लावलं नाही. मीही विचारलं नाही. त्यावर १८ किलोचे पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) लादून मी निघालो, आणि टूरच्या सामानाचा बहुतेक भार मागच्या चाकावर असतो.

दाभोळची फेरी उतरून धोपाव्याचा चढ चढत होतो. सगळ्यात हलक्या गिअरवर, उभा राहून. खालून ‘टण्ण’ असा आवाज आला, काचेवर खडा लागावा तसा. चाक डावी-उजवीकडे डुलायला लागलं आणि ब्रेक घासायला लागला. मागचं चाक, कॅसेटच्या बाजूचा स्पोक, कोपऱ्यावरच तुटलेला.

आता दुसरा मुद्दा, ‘गावोगावी दुकान आहे’. दुकान आहे, हे खरं. गुहागरला एक काका भेटले. समोर शाळेच्या मुलींच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. त्यांनी माझं चाक हातात घेऊन एकदा फिरवलं, तुटक्या स्पोकचा तुकडा निपलमधून (रिमवरच्या, स्पोक आवळायच्या छोट्या नटातून) काढून बोटात धरला आणि भिंतीवरच्या जुडग्यांशी लावून बघितला. मग म्हणाले, “ही तार माझ्याकडं नाही. मुलांच्या सायकलची आखूड पडते, काळ्या सायकलची लांब. चाकाचा आऊट काढून देतो हवा तर.” त्यांच्या कामात काही उणं नव्हतं. पाच मिनिटांत त्यांनी आजूबाजूचे स्पोक ढिले-घट्ट करून चाक बरंच सरळ केलं आणि पैसे घ्यायला तयार होईनात.

अडचण मापाची आहे. जुन्या २८ इंची काळ्या सायकलची रिम ६३५ मिमीची, आपल्या ७०० सी ची ६२२ मिमीची. मुलांच्या सायकली २०, २४, २६ इंची. हबही निराळे. स्पोकची लांबी मिलिमीटरवर मोजतात, एक-दोन मिमी इकडेतिकडे चालतं, पाच चालत नाही. लांब पडला तर टोक निपलबाहेर येऊन ट्यूबला भोक पाडतं, आखूड पडला तर निपलमध्ये चार आटेच धरले जातात आणि पुढच्या चढाला निपल मोडतं. लांब तार कापून घेऊ म्हणाल तर कापल्यावर आटे जातात. एकाच चाकातही दोन बाजूंना दोन मापं असतात. माझ्या मागच्या चाकाला कॅसेटच्या बाजूला २९० मिमी लागतो, डाव्या बाजूला २९२. गावच्या कारागिराने हे सगळं दुकानात भरून ठेवावं अशी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. हात त्याच्याकडे आहेत, तार आपण न्यायची. माझ्याजवळ २९० चा एक स्पोक आणि कॅसेट काढायचं टूल असतं तर गुहागरच्या काकांनी माझी टूर तिथंच वाचवली असती.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. ‘एका स्पोकने काही बिघडत नाही.’ ३६ किंवा ३२ स्पोकच्या चाकावर, हलक्या सामानाने, जवळच्या मुक्कामापर्यंत जाता येतं, हे मान्य. २० किंवा २४ स्पोकच्या चाकावर तेही सांगता येत नाही, एक गेला तरी टायर फ्रेमला टेकू शकतो. पण ‘जाता येतं’ आणि ‘बिघडत नाही’ यांत फरक आहे. तुटलेल्या स्पोकचा वाटा शेजारचे उचलतात. ते त्याच चाकातले, तितकेच थकलेले. मी गुहागरहून ‘एकच तर आहे’ म्हणत पुढे निघालो. वेळणेश्वरच्या अलीकडे दुसरा तुटला. हेदवीच्या वाटेवर तिसरा, तोही उतारावर, चाक इतकं डुललं की मला सायकल रस्त्याच्या कडेच्या गवतात घालावी लागली. पुढचा ब्रेक सुस्थितीत होता आणि समोरून गाडी नव्हती. त्या दोन गोष्टींवर माझं हाडं शाबूत राहणं अवलंबून होतं, हे मी विसरलेलो नाही. ‘ब्रेक मोकळा सोडा आणि चला’ असं लिहिणाऱ्याने कोकणातले उतार आठवावेत. तिथं मागचा ब्रेक मोकळा सोडून भरलेली सायकल घेऊन जायला सांगणं चुकीचं आहे. मेसेजमधलं बाकी सगळं राहू दे, निदान हे वाक्य तरी पुढे पाठवू नका.

शिवाय तुटलेला स्पोक तसाच लोंबकळत ठेवला तर तो डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रात) अडकतो. काहीच जवळ नसेल तर तो काढून टाका, निघत नसेल तर शेजारच्या स्पोकला वेढा मारून चिकटपट्टीने बांधा. मग सामान कमी करा, पुढच्या कॅरिअरवर हलवा, चढावर उभे राहू नका.

एका टेंपोवाल्याने मला चिपळूणला सोडलं. तिथल्या दुकानात गिअरच्या सायकली होत्या, सुटे स्पोक नव्हते. दुसऱ्या दिवशी मी स्वारगेटच्या गाडीत होतो.

चौथा मुद्दा अर्धा खरा आहे. मागच्या चाकाचा कॅसेटच्या बाजूचा स्पोक बदलायला कॅसेट काढावी लागते, नाहीतर स्पोक हबच्या भोकात ओवताच येत नाही. घरी त्यासाठी चेनव्हिप (कॅसेट धरून ठेवायचं साखळीचं हत्यार) आणि मोठा पाना लागतो आणि तो सरंजाम कुणी टूरला नेत नाही. पण कॅसेट जागेवर धरणारी लॉकरिंग सोडवायचं बोटभर लांबीचं एक टूल मिळतं. चाक फ्रेममध्येच ठेवून ते लॉकरिंगमध्ये बसवायचं, त्याचा दांडा फ्रेमला टेकतो आणि पेडल पुढे दाबलं की लॉकरिंग सुटते. चाकाला थ्रू-अॅक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड दांडा) असेल तर त्याला चालणारं घ्या. जुन्या सात गिअरच्या सायकलला कॅसेटऐवजी फ्रीव्हील असतं, त्याचा रिमूव्हर छोटा असतो, तो तेवढा जवळ ठेवा. मोठा पाना कुठल्याही गॅरेजात मिळतो.

कॅसेट निघाली की बाकीचं काम अवघड नाही. तुटका तुकडा निपलमधून उलगडून काढायचा. निपल तेच वापरायचं, त्यामुळे टायर-ट्यूबला हात लावावा लागत नाही. नवा स्पोक हबमधून ओवताना शेजारचा त्याच दिशेचा स्पोक बघायचा आणि तसाच न्यायचा. बहुतेक चाकांत तो दोन स्पोकवरून आणि तिसऱ्याच्या खालून जातो, किंवा उलट. आवळताना लोक एका ठिकाणी हमखास चुकतात. टायरच्या बाजूने बघितलं तर निपल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होतं, हबच्या बाजूने बघितलं तर नेमकं उलटं दिसतं. अर्धा-अर्धा फेरा द्यायचा, चाक फिरवून बघायचं, ब्रेक-पॅडशी फट सारखी राहतेय का ते पाहायचं. स्पोक-की मात्र आपल्या निपलच्या मापाचीच हवी. ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी ही नेहमीची मापं, आणि एक माप मोठी की निपलचे कोपरे गोल करून टाकते.

टूल न्यायचंच नसेल तर केव्हलारच्या (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोरीचा आपत्कालीन स्पोक मिळतो. दोरी कॅसेट न काढता हबच्या भोकातून जाते, तिचं धातूचं टोक जुन्याच निपलमध्ये बसतं. मी तो नेतो, पण पुढच्या मोठ्या गावापर्यंत पोचण्यासाठी. हजार किलोमीटर त्याच्या भरवशावर काढायचे नाहीत.

आपल्याच्याने होत नाही, हे खरं आहे, जर पहिला प्रयत्न भर उन्हात रस्त्याच्या कडेला करणार असाल तर. म्हणून निघायच्या आधी एखाद्या रविवारी घरीच चांगला स्पोक मुद्दाम काढा आणि परत बसवा. मला पहिल्या वेळी दीड तास लागला होता.

वजनाचं म्हणाल तर २ मिमीच्या एका स्पोकचं वजन ७ ग्रॅमच्या आसपास असतं. चार स्पोक, की आणि छोटं टूल मिळून दीडशे ग्रॅमही होत नाहीत. स्पोक कापडात गुंडाळून सीटपोस्टच्या नळीत घालायचे आणि खालून बूच लावायचं, म्हणजे खडखडतही नाहीत. सिंहगड किंवा लोणावळ्याला एका दिवसात जाऊन येणाऱ्याने हे नाही नेलं तरी चालेल, तिथं फोन करून घरी येता येतं.

पुढच्या खेपेला, दुसऱ्या बांधलेल्या चाकावर, तीच टूर पुन्हा केली. त्या वेळी स्पोक तुटला मिठबावच्या पुढे, आचऱ्याकडे जाताना. पुन्हा कॅसेटचीच बाजू. काजूच्या झाडाखाली सायकल लावली, पॅनिअर उतरवले. कॅसेट काढून चकत्या क्रमाने एका दोरीत ओवून ठेवल्या. हबमधून स्पोकचं डोकं तळहातावर पडलं. तुटलेली जागा नखाएवढीही नाही, पण नीट बघितल्यावर तिचे दोन भाग दिसले, अर्धा काळपट आणि गुळगुळीत, अर्धा चकचकीत आणि खरखरीत. काळपट भागातला तडा कितीतरी दिवस आधीपासून पुढे सरकत होता. चकचकीत तेवढा आजचा.

चाळीस मिनिटं लागली. शेवटी कॅसेटच्या बाजूचे सगळे स्पोक बोटाने एकेक छेडून पाहिले. नव्याचा आवाज जरा खाली लागत होता, त्याला पाव फेरा दिला आणि तो बाकीच्यांच्या सुरात आला. संध्याकाळी मालवणला पोचल्यावर मागून येणाऱ्या मित्राला फोन करून २९० चा आणखी एक स्पोक आणायला सांगितला, नळीत आता एकच उरला होता.