‘द पब्लिक एनिमी’त गुंडाचा उदोउदो आहे? सिनेमा नीट बघा

१९३१ च्या ‘द पब्लिक एनिमी’बद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो: साध्यासुध्या पोराला दारूबंदीनं गुंड बनवलं, सिनेमानं त्याला नायक केलं आणि खूनखराबा इतका उघडा दाखवला की शेवटी कात्री लावावी लागली. यातलं काहीच टिकत नाही.

दारूबंदी अमेरिकेत जानेवारी १९२० मध्ये लागू झाली. सिनेमा सुरू होतो १९०९ च्या शिकागोत. टॉम पॉवर्स तेव्हा शाळकरी पोर आहे आणि चोरीची घड्याळं पटी नोज नावाच्या माणसाला नेऊन विकतो. फरच्या गोदामावरचा दरोडा, पोलिसाचा खून, हे सगळं बंदी यायच्या आधीच घडतं. बंदीमुळे त्याच्या हातात पैसा खेळू लागला, एवढंच. आणि तो पैसा दिला कोणी? बंदीच्या आदल्या रात्रीचा प्रसंग बघा. दुकानापुढे झुंबड उडालीय, बाबागाडीत बाटल्या रचल्यात, फुलवाल्याच्या गाडीतली फुलं रस्त्यावर फेकून तिथं दारू भरली जातेय. ही सगळी चारचौघांसारखी माणसं. सिनेमाचा रोख त्यांच्यावरही आहे आणि फिरत्या मजकुरात नेमकं तेच गायब असतं.

खूनखराब्याचं म्हणाल, तर महत्त्वाच्या बऱ्याच हत्या पडद्यावर दिसतच नाहीत. पटी नोज टॉमच्या हातून जीव वाचवायला पियानोवर जुनं गाणं म्हणतो. कॅमेरा त्याला सोडून दाराशी उभ्या मॅटकडे, म्हणजे टॉमच्या जोडीदाराकडे सरकतो. गोळीचा आवाज येतो, पियानोच्या पट्ट्या बेसूर वाजतात. आपण फक्त मॅटचा चेहरा बघत असतो. टोळीचा म्होरक्या नेल्स नेथन घोड्यावरून पडून मरतो, तेव्हा टॉम तो घोडा रोख पैसे देऊन विकत घेतो आणि तबेल्यात जातो. तिथंही फक्त गोळीचा आवाज. खर्च सगळा दीड लाख डॉलरच्या आसपास, म्हणून हे काटकसरीतून आलं असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. बोलपट येऊन चार वर्षंही झाली नव्हती, आणि न दिसणारी गोळी जास्त लागते हे विल्यम वेलमन या दिग्दर्शकाला कळलं होतं.

राहिला नायक करण्याचा मुद्दा. टॉम झालेला जेम्स कॅग्नी पडद्यावर आला की नजर हटत नाही, हे मी मान्य करतो. सुरुवातीला कंपनीनं ‘आम्हाला गुंडाचं कौतुक करायचं नाही’ अशा अर्थाची पाटी लावलीय, तीही मी पुरावा मानत नाही. पण कथा बघा ना. टॉमला ना घर मिळतं, ना भावाचा आदर. एकट्यानं सूड घ्यायला जातो आणि गोळ्या खाऊन पावसात गटाराशी कोसळतो. पुढे विरोधी टोळी त्याला दवाखान्यातून पळवते आणि बांधलेलं प्रेत आईच्या दारात आणून उभं करते. याला कौतुक कसं म्हणायचं?

आता कात्री. ती लागली, पण १९४१ च्या पुनर्प्रदर्शनाच्या वेळी. तेव्हा तीन प्रसंग उडवले: टॉमची मापं घेणारा नाजूक हावभावांचा शिंपी, पलंगावर लोळणारे मॅट आणि त्याची प्रेयसी मेमी, आणि लपायच्या जागी टॉमला जवळ ओढणारी बाई. तिन्हींत एकही गोळी सुटत नाही.